पालकात कॅडमियम दर हिवाळ्यात परत येतंय? माती बदलण्याआधी तिचा सामू (पीएच) मोजा

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि पार्किंग यांच्या मधल्या पट्ट्यात अकरा वाफे आहेत. पालक, लाल माठ, मेथी, कडेला भेंडी, आणि गच्चीवरच्या पाण्याचा पाइप जिथे सुटतो त्या कोपऱ्यात अळू. भाजी सोसायटीतच वाटली जाते. आजी-आजोबांपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत सगळे ती खातात, म्हणून दर हिवाळ्यात पालकाची एक जुडी आम्ही तपासायला देतो. आणि दर हिवाळ्यात अहवाल तोच यायचा: कॅडमियम हा विषारी धातू जास्त. पालेभाजीसाठी कोडेक्सची, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची, मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे, आमचा आकडा तिच्या वरच.

पहिल्या वर्षी सगळ्यांचा संशय बोअरवेलवर गेला, म्हणून ती बंद केली. दुसऱ्या वर्षी बाहेरचं खत बंद केलं. तिसऱ्या वर्षी वर्गणी काढून वरची सहा इंच माती काढून टाकली आणि नर्सरीतून लाल मातीचा ट्रक आणला. त्या हिवाळ्यात आकडा खाली आला, सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्याच हिवाळ्यात तो आधीपेक्षाही वर गेला.

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलंय. खालच्या मजल्यावरच्या काकू चार वर्षांचे अहवाल फायलीत नीट लावून माझ्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तू एकदा बघ बाबा, आता माती तरी किती वेळा बदलायची?" मी अहवाल शेजारी शेजारी मांडले. मातीतलं एकूण कॅडमियम चारही वर्षं जवळपास तेवढंच होतं. पालकातलं मात्र वरखाली होत होतं. चारपैकी एकाही अहवालात मातीचा सामू, म्हणजे ती किती आंबट आहे हे सांगणारा आकडा (७ म्हणजे उदासीन, त्याखाली आंबट), नव्हता, कारण तो कुणी मागितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक वाफ्यातून वेगळी माती घेतली. बहुतेक वाफ्यांचा सामू ४.९ ते ५.४ निघाला. भिंतीला लागून असलेल्या दोन वाफ्यांचा मात्र ७.९, कारण भिंत बांधताना पडलेला सिमेंट-रेतीचा राबिट त्यांच्या पोटात होता. त्या दोन वाफ्यांत एकूण कॅडमियम बाकीच्यांपेक्षा किंचित जास्तच होतं. तरी तिथला पालक मर्यादेच्या आत होता. एकाच भरावाची जमीन, एकच पाणी, एकच बियाणं. फरक फक्त आंबटपणाचा.

आमच्याकडे धातू वाढतच नव्हता. मातीची पकड सुटत होती. तुमच्याकडेही दरवर्षी हाच त्रास परत येत असेल, तर पुढचं वाचा.

आधी खात्री करा की दोष मातीचाच आहे

सामूकडे वळण्याआधी काही गोष्टी बाजूला काढाव्या लागतात, नाहीतर चुना टाकून पैसे जातील आणि आकडा हलणार नाही.

पहिली गोष्ट अहवालाच्या कागदावरच असते: आकडा ताज्या वजनावर दिलाय की कोरड्या? पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तीच जुडी वाळवून मोजली की आकडा दहापट किंवा त्याहून जास्त दिसतो. मर्यादा ताज्या वजनावर ठरलेल्या आहेत. कोरड्या वजनाचा आकडा पाहून घाबरलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. प्रयोगशाळेला फोन करून हा एक प्रश्न विचारा.

दुसरी गोष्ट, जास्त काय आलंय? एकटं शिसं जास्त असेल तर बहुतेक वेळा ते मुळांतून आलेलं नसतं, पानावर बसलेली धूळ असते. ठाणे-बेलापूर रोड असो की घोडबंदर, रस्त्याकडेच्या वाफ्यांत हे हमखास होतं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण मातीत मुरलेलं शिसं जागचं हलत नाही, आणि जुन्या इमारतींच्या रंगाचे पोपडे त्यात भर घालतात. त्याच वाफ्यातल्या दोन जुड्या द्या: एक तशीच, एक तीन पाण्यांनी चोळून धुतलेली. धुतल्यावर आकडा धडाधड उतरला तर तुमचा प्रश्न धुळीचा आहे. कडेला दाट कुंपण लावा, मातीवर पाचोळ्याचं आच्छादन घाला, भाजी नीट धुवा. चुना त्यात काही करणार नाही.

कॅडमियम मात्र धुऊन जात नाही. ते मुळांतून चढतं आणि थेट पानांत जाऊन बसतं. शिशाचा बहुतेक भाग मुळांतच अडकतो. म्हणूनच कॅडमियम वारंवार येत असेल तर मी सगळ्यात आधी सामूकडे बघतो.

खताचंही बघून घ्या. शहरी कचऱ्याच्या खतासाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा दिलेल्या आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, निकेल ५०, आर्सेनिक १०. पोत्यावर हे लिहिलेलं नसेल आणि विक्रेता अहवाल दाखवत नसेल, तर ते पोतं घेऊ नका.

आंबट माती धातू का सोडते

मातीचा बारीक कण म्हणजे ऋणभार असलेला पृष्ठभाग. शिसं, कॅडमियम, जस्त, निकेल हे धनभार घेऊन पाण्यात फिरतात आणि त्या पृष्ठभागाला चिकटतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशही तिथेच बसतात. सकाळची ठाण्याहून सुटणारी पनवेल लोकल डोळ्यांसमोर आणा. बाकं मोजकी, बसणारे बरेच. माती आंबट होते म्हणजे हायड्रोजनचे आयन वाढतात. सामू ७ वरून ५ वर आला की ते शंभरपट होतात, कारण १९०९ साली सोरेन्सनने आखलेली ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. साडेपाचच्या खाली मातीतलं ॲल्युमिनियमही विरघळून गर्दीत शिरतं, आणि त्याच्यावर तीन धनभार. बाकं हे दोघे बळकावतात, कॅडमियम उठून दारात येतं. दारात म्हणजे मातीतल्या पाण्यात, आणि पालकाची मुळं नेमकी त्याच पाण्यावर जगतात.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि आपल्याकडच्या मातीत तीच महत्त्वाची आहे. आंबट मातीत बाकं नुसती भरत नाहीत, ती कमीही होतात.

देशावरच्या काळ्या मातीतल्या चिकणकणांवर ऋणभार कायमचा असतो. सामू काहीही असो, तो फारसा बदलत नाही. शिवाय त्या मातीत चुनखडीचे खडे असतात, सामू आठच्या आसपास राहतो. अशा मातीची पकड घट्ट असते. आपण नर्सरीतून आणतो ती कोकणातली लाल माती वेगळी. ती जांभ्यापासून झालेली, त्यात लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. त्यांच्या कणांवरचा भार सामूप्रमाणे पलटतो. सामू वर गेला की कणावरचे हायड्रोजन सुटतात, ऋणभाराच्या जागा उघडतात. सामू उतरला की तेच हायड्रोजन परत येऊन बसतात आणि कणाचा भार शून्याकडे, मग धनाकडे सरकतो. सेंद्रिय पदार्थाचंही तसंच: त्याच्या आम्लगटांतला हायड्रोजन सामू ४-५ च्या पुढे सुटायला लागतो आणि तेव्हाच तिथे धातू घट्ट धरला जातो.

आणि सगळे धातू एकाच सामूला सुटत नाहीत. धातूचा आयन पाण्याशी क्रिया करून स्वतःला एक हायड्रॉक्सिल जोडून घेतो, आणि त्या रूपात तो ऑक्साइडच्या कणाला जास्त घट्ट चिकटतो. शिशाच्या बाबतीत या क्रियेचा स्थिरांक ७.७ च्या आसपास आहे, जस्ताचा ९.०, निकेलचा ९.९, कॅडमियमचा १०.१. आकडा जितका कमी तितका तो धातू आंबट मातीतही तग धरून राहतो. म्हणून सामू ५ ला शिसं बऱ्यापैकी बांधलेलं असतं आणि कॅडमियम मात्र मोकळं फिरत असतं. जस्तासाठी पाठ्यपुस्तकातला नियम असा की सामू एकाने चढला की पाण्यातला मोकळा जस्त-आयन शंभरपट कमी होतो. कॅडमियमचा उतार इतका तीव्र नसतो, पण दिशा तीच.

जपानच्या तोयामा प्रांतातल्या जिन्झू नदीकाठची हकीकत मी प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येक मुलाला सांगायचो. खाणीतलं कॅडमियम नदीच्या पाण्याने भातखाचरांत गेलं, भातातून माणसांत. हाडं इतकी ठिसूळ झाली की लोक वेदनेने ओरडत, आणि आजाराचं नावच 'इताई-इताई' पडलं, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाने झालेला आजार असल्याचं मान्य केलं. आपल्या वाफ्यांची आणि त्या खाचरांची तुलना करून कुणाला घाबरवायचं नाही. पण कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निघायला कित्येक वर्षं लागतात. रोज थोडं खाणारं लहान मूल समोर असताना 'थोडंच तर आहे' असं मला म्हणवत नाही.

आमच्या मातीचं काय झालं

तिसऱ्या वर्षी आणलेली लाल माती मुळातच आंबट होती. वर तिला दोन पावसाळे मिळाले. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन खाली नेतो आणि रिकाम्या जागी हायड्रोजन बसतो. त्यात आमचे माळीदादा पानं हिरवीगार राहावीत म्हणून दर पंधरा दिवसांनी अमोनियम सल्फेट घालायचे. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात तेव्हा प्रत्येक अमोनियममागे दोन हायड्रोजन मातीत सुटतात. शंभर किलो अमोनियम सल्फेटने तयार होणारं आम्ल मारायला सुमारे ११० किलो शुद्ध चुनखडी लागते. युरिया आणि डीएपीही आम्लताच वाढवतात, फक्त कमी प्रमाणात.

आणि आम्ही बदलली ती वरची सहा इंच. पालकाची मुळं त्याच्या खाली जातात. खाली इमारतीच्या वेळचा भराव आहे, तो कुठून आला हे आज कुणालाच सांगता येत नाही. कॅडमियम त्या भरावात होतं, वरून झिरपणाऱ्या आंबट पाण्याने त्याची पकड सैल केली. पहिल्या हिवाळ्यात मुळं वरच्या ताज्या मातीत होती म्हणून आकडा उतरला. पुढच्या वर्षी वाफे खोलवर खणले गेले, वरचं खालचं एक झालं, आणि आकडा परत आला. म्हणजे आम्ही खर्च केला तो प्रश्न वाढवण्यासाठी.

खाडीकाठच्या लोकांनी आणखी एक गोष्ट बघावी. भरावात किंवा कुंड्यांत खाडीचा गाळ आहे का? ओला असताना तो काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा, आणि सामू अगदी सात. तोवर धातू सल्फाइडच्या रूपात बंदिस्त असतात. पण खाजणाच्या चिखलात लोह-सल्फाइड असतं. गाळ उपसून हवेत वाळला की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. गाळात शिंपल्यांचा चुरा पुरेसा असेल तर तो आम्ल पिऊन टाकतो, नसेल तर सामू चारच्याही खाली जातो. आमच्या अळूच्या कोपऱ्यात मी ढेकूळ फोडलं तेव्हा आत, जुन्या मुळांच्या भोकांच्या कडेने, वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा पट्टा होता. ते जॅरोसाइट, लोह आणि गंधकाचं एक खनिज. सामू चारच्या खाली गेल्याशिवाय ते तयार होत नाही. असा पिवळा पट्टा दिसला की यंत्राशिवायही उत्तर मिळालं असं समजा. शंका असेल तर गाळाचा पातळ थर ताटलीत दमट ठेवून दर आठवड्याला सामू मोजा. दोन महिन्यांत तो कुठे घसरतो ते कळेल. गाळ फुकट मिळतो म्हणून आणू नका. कांदळवनाला हात लावायला कायद्याने बंदी आहेच.

सामू मोजताना होणाऱ्या चुका

दोन दांड्यांचं, सेल न लागणारं ते हिरवं यंत्र मातीत खुपसून जो आकडा येतो, त्यावर काही ठरवू नका. कोरड्या मातीत ते सगळीकडे ७ दाखवतं. पेनासारखा सामूमापक घ्या आणि प्रत्येक वेळी ४ आणि ७ च्या बफर द्रावणात (ज्यांचा सामू आधीच ठाऊक असतो) तपासून घ्या.

माती सावलीत वाळवा, चाळा. वीस ग्रॅम माती, पन्नास मिलिलिटर शुद्ध पाणी, म्हणजे एकास अडीच. शुद्ध पाणी म्हणजे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, नळाचं नाही. काचेच्या कांडीने अर्धा तास अधूनमधून ढवळा. लाल मातीचं पाणी बराच वेळ गढूळ राहतं, थांबा. मग पुन्हा एकदा ढवळून लगेच मोजा. पाण्याऐवजी ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड वापरलं तर आकडा अर्ध्या ते एकाने कमी येतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण दरवर्षी एकच वापरा, नाहीतर नुसत्या पद्धतीच्या फरकाला तुम्ही सुधारणा समजाल.

नमुने एकत्र करू नका. सगळ्या वाफ्यांची माती एका बादलीत कालवून एक नमुना द्यायची सवय शेतात ठीक आहे, भरावाच्या जमिनीत नाही. आमच्या ७.९ च्या वाफ्यांतल्या राबिटाने शेजारच्या ५.१ च्या मातीचा आंबटपणा मारला असता, एकत्र आकडा बरा दिसला असता आणि आम्ही पाचव्या वर्षीही अंधारात राहिलो असतो. वरचे सहा इंच आणि त्याखालचे सहा इंच यांचेही नमुने वेगळे घ्या.

'उपलब्ध धातू' या रकान्याबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे तो बहुधा डीटीपीए पद्धतीने काढतात, म्हणजे धातू पकडणाऱ्या एका रसायनाच्या द्रावणात माती हलवून. ही पद्धत लिंडसे आणि नॉरवेल यांनी १९७८ मध्ये मांडली ती उदासीन आणि चुनखडीयुक्त जमिनींसाठी, आणि तिच्या द्रावणाचा सामू ७.३ ला बांधलेला असतो. म्हणजे तुमची ५ सामूची माती त्या बाटलीत गेल्यावर काही काळ ७.३ च्या परिस्थितीत राहते. प्रत्यक्ष वाफ्यात किती कॅडमियम मोकळं आहे हे त्यातून नीट दिसत नाही. आंबट मातीसाठी प्रयोगशाळेला सांगा की कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणाने काढा. काही जण नाही म्हणतील. तिथे वाद घालत बसू नका, दुसरी प्रयोगशाळा शोधा.

चुना किती, कुठला, कधी

भाजीच्या वाफ्यासाठी मी ६.५ ते ७ हे लक्ष्य ठेवतो.

चुनखडीची पावडर वापरा, पिठासारखी बारीक. जाड कण वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. कळीचा चुना जोरदार आहे; आम्ल मारण्याची शुद्ध चुनखडीची ताकद १०० धरली तर विरवलेल्या चुन्याची १३५ आणि कळीच्या चुन्याची १७९. पण तो डोळ्यांना आणि हातांना भाजतो, सामू एकदम उडवतो, आणि सोसायटीत मुलं फिरत असतात. मी तो आणू देत नाही. मातीत मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट चांगलं. जिप्सम म्हणजे चुना नव्हे. त्यात कॅल्शियम आहे, पण ते आम्ल मारत नाही. 'कॅल्शियमच आहे, चालेल' असं सांगून दुकानात तेच हातात ठेवलं जातं, म्हणून पिशवीवरचं नाव वाचा.

किती टाकायचा ते मातीच सांगते. पाचच सामूच्या रेताड मातीला जेवढा लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट चिकण मातीला लागू शकतो. म्हणून चार डबे घ्या, प्रत्येकात एक किलो चाळलेली माती. एकात काही नाही, बाकीच्यांत एक, दोन आणि तीन ग्रॅम चुनखडी नीट मिसळा. हाताला ओलसर लागेल इतपत पाणी घालून महिनाभर झाकून ठेवा, मग सामू मोजा. एक चौरस मीटर वाफ्याची वरची सहा इंच माती साधारण २०० किलो भरते. म्हणजे किलोमागे एक ग्रॅमने काम झालं तर चौरस मीटरला २०० ग्रॅम, दोन ग्रॅमने झालं तर ४००. आमच्याकडे दोन ग्रॅमचा डबा ६.६ वर पोचला. महिनाभर थांबायला लोक तयार नसतात, मला ते समजतं. पण अंदाजाने टाकलेला चुना परत काढता येत नाही.

अर्धा चुना एप्रिल-मेमध्ये, अर्धा सप्टेंबरअखेर, पेरणीच्या तीन आठवडे आधी. वर भुरभुरवून सोडू नका. चुनखडी जागेवरच राहते, खाली फारशी उतरत नाही. फावड्याने मुळांच्या खोलीपर्यंत कालवा. शेणखत आणि युरिया त्याच दिवशी घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

सोबत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत भरपूर. सामू वर आला की त्यातल्या सेंद्रिय पदार्थाला धातू धरायला बळ येतं, दोन्ही मिळूनच काम होतं. अमोनियम सल्फेट बंद. माळीदादांना मी दोन वाफ्यांचा पालक आणि दोन अहवाल शेजारी ठेवून दाखवले. त्यानंतर पुन्हा सांगावं लागलं नाही. नत्राची फारच गरज पडली तर ते कॅल्शियम नायट्रेट वापरतात.

चुना घातल्यावर दोन हिवाळे आमचा पालक मर्यादेच्या आत राहिला. तिसऱ्या मे महिन्यात सामू मोजायचा राहून गेला. ऑक्टोबरमध्ये मोजला तर ५.९. इथला पाऊस चुना खातो, दर वर्षी. म्हणून आता मे आणि ऑक्टोबर या दोन तारखा सोसायटीच्या फळ्यावरच लिहिलेल्या असतात, टाकी धुण्याच्या तारखेखाली.

सामू ठीक आहे, तरी आकडा वर

मग पाण्याचा खारेपणा बघा. खाडीजवळच्या बोअरवेलला मचूळ पाणी लागतं. त्यातला क्लोराइड कॅडमियमशी जोडी करतो, ती जोडी मातीच्या कणाला नीट चिकटत नाही आणि मुळांपर्यंत सहज पोचते. सामू ६.८ असूनही पालकात कॅडमियम चढलेलं मी यामुळे पाहिलंय. अशा ठिकाणी चुना वाढवत नेण्यात अर्थ नाही, पाणी बदला.

चुना अति झाला तरी बिघडतं. साडेसातच्या वर लोह आणि जस्त बांधले जातात, कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. सेंद्रिय पदार्थही जास्त विरघळायला लागतो आणि तांबं, शिसं यांना अंगावर घेऊन फिरतो.

सगळ्यात महत्त्वाचं: मातीत आर्सेनिक किंवा सहा संयुजेचं क्रोमियम असल्याची शंका असेल तर चुना टाकण्याआधी थांबा. हे दोघे धनभाराचे आयन नसतात, ऑक्सिजनशी जोडलेले ऋणभाराचे असतात. त्यांना आंबट मातीतली धनभाराची ऑक्साइडंच धरून ठेवतात. सामू वर नेला की कॅडमियम बांधलं जाईल आणि आर्सेनिक सुटेल. पाणी साचू दिलं तरी तेच: साचलेल्या पाण्यात कॅडमियम सल्फाइड होऊन बसतं, पण लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांनी धरलेलं आर्सेनिक मोकळं होतं. म्हणून पहिल्यांदा तपासणी कराल तेव्हा फक्त शिसं-कॅडमियम नको, आर्सेनिक आणि क्रोमियमही मागा. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

आणि एकूण शिसंच खूप असेल तर सामूचा भरवसा धरू नका. चुन्याने शिसं मातीत घट्ट बसेल, भाजीत कमी जाईल, हे खरं. पण वाफ्यात खेळणारं मूल मातीचे हात तोंडात घालतं, आणि पोटातलं आम्ल सामू दोनच्या आसपास असतं. मातीने जे सातला धरून ठेवलं ते तिथे पटकन सुटतं. अशा जागी खाली जाड अंथरूण घालून वर तपासलेल्या मातीचे उंच वाफे करा, आणि मोकळी माती हिरवळीने झाका. पालेभाजी आणि मुळ्यासारखी कंदभाजी तिथे नकोच. भेंडी, दोडका, वांगी यांच्या फळांत धातू पानांपेक्षा बराच कमी चढतो.

आमचा अळूचा कोपरा काही सुधारला नाही. पावसाळाभर तो पाण्याखाली असतो, जानेवारीनंतर भेगाळतो, आणि दर वेळी त्या गाळातून नवं आम्ल निघतं. तीन वर्षं चुना घालून पाहिला. शेवटी काकूंनीच सांगितलं की वडीपुरती पानं आम्ही बाजारातून आणू. तिथे आता जास्वंद लावली आहे.